एसटीची पहिली पायरी : पडल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या एका आजींचं प्रकरण

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कराडहून एका गृहस्थांचा फोन आला. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि घरी येऊन उपचार करते, एवढं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांना व्यायामाबद्दल काही विचारायचं नव्हतं. "आईसाठी डायपर कुठले घ्यावेत, आणि व्हीलचेअर विकत घ्यावी की भाड्यानं आणावी, तेवढं सांगा." वय विचारलं तर 76. आजार काय, असं विचारल्यावर जरा थांबून म्हणाले, "आजार असा काही नाही. ऑगस्टमध्ये पडली होती. हाड मोडलं नाही. पण तेव्हापासून उठलीच नाही."

हाड मोडलेलं नाही आणि माणूस उठत नाही, हे ऐकून मी दुसऱ्याच दिवशी गेले. पुढचं सगळं घरच्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आजी माळकरी. नवरा जाऊन आठ वर्षं झालेली. घरात मुलगा, सून, नातू. ऑगस्टपर्यंत घरातल्या सगळ्या भाकरी त्याच थापायच्या, ओट्याशी उभं राहून. संध्याकाळी गल्लीच्या टोकाला विठ्ठल मंदिरात हरिपाठाला जायच्या. पंढरीची चैत्री आणि कार्तिकी कधी चुकवली नाही. अकरा वर्षांपासून मधुमेह, त्यासाठी मेटफॉर्मिन, रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन. एका पहाटे साडेचारला लघवीला उठल्या, मोरीच्या उंबऱ्याला पाय अडखळला आणि ओल्या शहाबादी फरशीवर कुशीवर पडल्या. एक्स-रेमध्ये काही निघालं नाही. आराम करायला सांगितलं. दुखणं आठ-दहा दिवसांत ओसरलं, आराम मात्र संपला नाही.

घरातली माणसं मायेची. "आई, तू उठू नकोस, मी देते." पाण्याचा तांब्या हातात, ताट पलंगावर, कमोडची खुर्ची पलंगाशेजारी. दिवसभर पडून राहिल्यावर रात्री झोप लागेना, म्हणून झोपेची गोळी सुरू झाली. गोळीमुळे सकाळी गुंगी, गुंगीमुळे पुन्हा पडण्याची भीती, भीतीमुळे पुन्हा पलंग. साडेतीन महिन्यांत त्या घरात एकही चुकीचा माणूस नव्हता, एकही निष्काळजी दिवस नव्हता. आणि तरी पडण्यानं जे झालं नाही ते या काळजीनं झालं.

हे मी आरोप म्हणून म्हणत नाही. पडून राहिल्यानं शरीराचं काय होतं, हे फार कमी घरांत माहीत असतं. 1966 मध्ये अमेरिकेत डॅलसला पाच निरोगी तरुणांना, वीस वर्षांच्या, तीन आठवडे सलग झोपवून ठेवलं होतं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयानं त्यांच्या दमाचं जेवढं नुकसान केलं नव्हतं, तेवढं त्या तीन आठवड्यांनी केलं होतं. ही झाली तरुणांची गोष्ट. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात साठी ओलांडलेली निरोगी माणसं फक्त दहा दिवस अंथरुणावर ठेवली, तर त्यांच्या पायांचं मांस जवळजवळ एक किलोनं उतरलं. आमच्या आजी शंभराहून जास्त दिवस पलंगावर होत्या.

पहिल्या भेटीत त्यांनी मला नीट बघितलंही नाही. "आता ह्या वयात काय व्यायाम करायचा, ताई? आता पांडुरंगानं न्यावं." मी पिंडरीला टेप लावली. 28 सेंटिमीटर. आशियाई देशांतल्या तज्ज्ञांच्या 2019 च्या निकषाप्रमाणे बाईची पिंडरी 33 च्या खाली असली की स्नायू झिजल्याचा संशय धरायचा. मुठीची ताकद मोजायचं यंत्र हातात दिलं तर काटा 11 किलोवर थांबला. त्याच निकषात बायकांची सीमा 18 आहे. मूठ कशासाठी मोजायची, असं सूनबाईंनी विचारलं. मूठ ही सगळ्या अंगाच्या ताकदीची वानगी असते, शितावरून भाताची परीक्षा म्हणतात तशी. म्हणूनच मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं 2017-18 मध्ये पंचेचाळिशीच्या पुढच्या 72 हजारांवर माणसांची देशभर पाहणी केली, तेव्हा त्यातही मूठ मोजली होती.

मग माझी आवडती चाचणी. साधी खुर्ची, हात छातीवर दुमडलेले, तीस सेकंदांत किती वेळा उठून पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. 75 ते 79 वयाच्या बाईला दहाही जमल्या नाहीत तर ती पडण्याच्या धोक्यात आहे असं समजतात. हाताचा टेका घेतला की गुण शून्य. आजींचा शून्यच होता. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून परत येऊन बसायला बारा सेकंद किंवा जास्त लागले तर सावध व्हायचं असतं. त्यांना वॉकर धरून 31 सेकंद लागले.

इथं माझी एक चूक सांगते. रक्तदाबाचं यंत्र त्या दिवशी बरोबर नव्हतं, आणि पुढच्या भेटीतही मी ते विसरले. त्या दुसऱ्या भेटीत उभं केल्यावर आजींचे डोळे फिरले, ओठ पांढरे पडले, मी कमरेला धरून बसवलं म्हणून वाचलो. तिसऱ्या भेटीत मोजलं: झोपलेल्या असताना 138/76, उभं राहिल्यावर एका मिनिटात 112/68. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 नं उतरला तर तो दोष समजतात. इथं 26 नं उतरला होता. पहाटे साडेचारला पलंगावरून तडक उठून मोरीकडे जाताना उंबऱ्याला पाय अडखळला, असं सगळे म्हणत होते. उंबरा होताच. पण त्या क्षणी डोक्याला रक्त किती पोचत होतं, हा प्रश्न पडण्याच्या दिवशीच विचारायला हवा होता. मी तो पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. आता यंत्र माझ्या पिशवीतून निघत नाही.

कंपन करणारा चिमटा पायाच्या अंगठ्याला लावला तर आजींना काहीच कळेना. "लावलात का?" म्हणाल्या. शाकाहारी जेवण, त्यात अकरा वर्षं मेटफॉर्मिन, ज्यानं बी-12 चं शोषण कमी होतं. मी चिठ्ठी लिहून त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. बी-12 खूपच कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झाली. रक्तदाबाच्या गोळीची मात्रा डॉक्टरांनी बदलली. झोपेची गोळी एकदम बंद करायची नसते. त्यांनी ती सहा आठवड्यांत थोडी थोडी उतरवत नेली. मूत्रपिंडाची तपासणी ठीक आली, म्हणजे आहारात प्रथिनं वाढवायला हरकत नव्हती. ही कामं माझी नव्हेत, पण ती झाल्याशिवाय माझ्या कामाला अर्थ नव्हता. भोवळ येणाऱ्या माणसाला व्यायाम सांगणं म्हणजे त्याला पुन्हा पाडणं.

आता व्यायामाबद्दल, म्हणजे गोधड्यांबद्दल.

ज्या माणसाला खुर्चीतून एकदाही उठता येत नाही त्याला उठबशा कशा शिकवायच्या? खुर्ची उंच करायची. आजींच्याच हातच्या चार गोधड्या घड्या घालून खुर्चीवर रचल्या, खुर्ची भिंतीला टेकवली. एवढ्या उंचीवरून त्यांना हात न लावता उठता आलं. पहिल्यांदा उठल्या तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं, खरंच कुठं टेकले नाहीत ना म्हणून. त्या दिवशी पाच वेळा. नियम एकच: सलग आठ वेळा जमलं की पुढच्या भेटीत एक गोधडी काढायची. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी येणार. बाकीचे दिवस विश्रांती, कारण स्नायू भरतो तो विश्रांतीतच. ओट्याला धरून टाचा उचलणं, एका पायापुढे दुसरा पाय ठेवून उभं राहणं, आणि घोट्याला ज्वारीची पिशवी बांधून बसल्या बसल्या पाय सरळ करणं. अर्धा किलो ज्वारीनं सुरुवात केली, मग पाऊण, मग एक. तिसऱ्या आठवड्यात पहिली गोधडी निघाली. ती आजींनी स्वतः घडी करून कपाटात ठेवली, सुनेला हात लावू दिला नाही.

"जरा चालत जा" हा सल्ला त्यांना सगळ्यांनी दिला होता. चालणं चांगलंच, पण ते पुरत नाही. उतारवयात आधी झिजतात ते स्नायूंतले चपळ तंतू, तोल गेल्यावर झटकन पाय टाकायला लागतात ते. त्यांना जाग येते ती ओझ्यानं, आणि ओझं हळूहळू वाढत गेलं तरच. 1990 मध्ये बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या 86 ते 96 वर्षांच्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे पायांचा चांगला जड व्यायाम दिला होता. ज्यांनी तो पुरा केला त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीन पट झाली. दोघांची काठी सुटली. हे मी आजींना सांगितलं, तर त्यांनी फक्त एक विचारलं: "शहाण्णव वर्षाची बाई व्हती त्यात?" त्यानंतर वयाचा विषय त्यांनी काढला नाही.

ताटाचं काम मात्र जास्त अवघड गेलं. आजींचं वजन ऑगस्टमध्ये 52 होतं, आता 47. सकाळी चहा-बिस्किटं, दुपारी एक भाकरी आणि भाजी, रात्री मऊ भात आणि वरचं आमटीचं पाणी. सोमवार, गुरुवार आणि दोन्ही एकादशांचा उपवास, म्हणजे महिन्यात दहाएक दिवस साबुदाणा, जो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. मोजून बघितलं तर दिवसाला 25-26 ग्रॅम प्रथिनं पोटात जात होती. या वयात किलोमागे निदान 1 ते 1.2 ग्रॅम हवीत, म्हणजे त्यांना 47 ते 56. जवळजवळ दुप्पट. म्हाताऱ्या माणसाला थोडंसं पुरतं, हा आपल्याकडचा समज फार खोल गेलेला आहे. भूक कमी होते हे खरं, पण स्नायूंची प्रथिनांची गरज वयाबरोबर वाढते.

अंडं सुचवायचा प्रश्नच नव्हता. गळ्यात माळ आहे, आणि तिचा मान राखूनच जे करायचं ते करायचं. कवळी सैल झाली होती, म्हणून डाळ, मटकी, फुटाणे सगळं त्यांनी टाळलं होतं. ती दंतवैद्याकडून नीट करून घेतली. मग सूनबाईंनी डोकं चालवलं. न्याहारीला बिस्किटांऐवजी पेलाभर दूध आणि डाळ्याच्या पिठाचा लाडू. दुपारी आमटीचं पाणी नाही, तळातली डाळ, वाटी भरून. रात्री भाताऐवजी आठवड्यातून चारदा पिठलं-भाकरी, बाकी दिवशी मऊ शिजवलेली मटकीची उसळ. संध्याकाळी दही किंवा पनीर. उपवास मोडा असं मी एकदाही म्हटलं नाही. साबुदाण्याऐवजी राजगिरा, शेंगदाण्याची आमटी, दूध, दही एवढाच बदल सुचवला. सोमवारचा उपवास आजींनी स्वतःहून सोडला. एकादश्या सोडल्या नाहीत, आणि त्या सोडायला हव्या होत्या असं मला वाटतही नाही.

सगळ्यात कठीण गोष्ट व्यायामाची नव्हती, आहाराचीही नव्हती. डिसेंबरमध्ये मी सूनबाईंना म्हटलं, आजींना घरातली कामं परत द्या. शेंगा फोडणं, भाजी निवडणं, तुळशीला पाणी घालणं, आणि जमेल तसं ओट्याशी उभं राहून एक-दोन भाकरी. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "ताई, शेजारच्या काय म्हणतील माहितीये का? सासू मरायला टेकली आणि हिनं कामाला जुंपली." आणि तसं म्हणणारी एक जण निघालीच. आजी दारात तांब्या घेऊन तुळशीपाशी उभ्या होत्या, तेव्हा ती पलीकडून म्हणाली, "काय बाई, आता ह्यांना पाणी पण घालायला लावतेस?" सूनबाई आत निघून गेल्या. मी तिथंच होते. मुलाला मी त्या संध्याकाळी बाजूला घेऊन बोलले: हे काम तुमच्या बायकोनं सांगितलं असं नाही, मी लिहून दिलंय, आणि ते शेजारी तुम्ही सांगायचं. त्यांनी सांगितलं. चार घरं फिरून सांगितलं. या प्रकरणात औषधापेक्षा त्या फेरीचा गुण जास्त आला, असं माझं मत आहे. घराघरांत सुना सासूबाईंना हलू देत नाहीत, त्यामागे माया असते तसा हा धाकही असतो.

ध्येय आजींनीच ठरवलं. संक्रांतीच्या सुमारास, तीस सेकंदांच्या चाचणीत उठबशा तीनवर आल्या होत्या तेव्हा, मी विचारलं, बरं झाल्यावर काय करायचंय? "चैत्रीला पंढरपूर. एसटीनं." गाडी करून नेतो, असं मुलगा म्हणाला. आजी ऐकेनात. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 26 ऑगस्ट 2022 पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, आणि ते शून्य रुपयाचं तिकीट हातात धरण्यात त्यांना मान वाटतो. "माझ्या तिकिटानं मी जाते," असं त्या म्हणतात.

मग मी कराड स्टँडवर टेप घेऊन गेले. एसटीची पहिली पायरी जमिनीपासून 40 सेंटिमीटरच्या आसपास भरली. आपल्या घरातली पायरी 16-18 असते. म्हणजे दुपटीहून जास्त, आणि मागे लोक उभे. सुताराकडून 10, 20, 30 आणि 40 सेंटिमीटरचे चार भक्कम ठोकळे करून घेतले आणि खिडकीच्या गजांशेजारी ठेवले, कारण एसटीतही दाराशी धरायला दांडा असतो. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. दहाच्या ठोकळ्यावर पंधरा दिवस गेले. तिसावर उजवा गुडघा सुजला, दहा दिवस वीसवर परत यावं लागलं. फेब्रुवारीत डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यात आणखी काही दिवस गेले. पण त्यानंतर ठोकळ्याची कड आजींना स्पष्ट दिसायला लागली आणि पाय टाकतानाचा धीर वाढला.

जमिनीवरून उठण्याचा सराव त्यांना सगळ्यात नावडता. कुशीवर वळायचं, कोपरावर यायचं, मग दोन्ही गुडघ्यांवर, खुर्चीच्या बैठकीवर हात, एक पाय पुढे आणि वर. पडलेल्या प्रत्येक माणसाला हे आलं पाहिजे, कारण पडण्यापेक्षा तासन्‌तास पडून राहणं घातक असतं. मोरीचा उंबरा तोवर फोडून उतार केला होता, दोन दांडे बसवले होते, रात्रीचा दिवा लावला होता. पहाटे पलंगाच्या कडेला बसून पाय हलवत शंभर आकडे मोजायचे, मगच उभं राहायचं. आजी आकडे मोजत नाहीत, रामकृष्णहरी म्हणतात. तेही चालतं.

एप्रिलच्या सुरुवातीला मोजमाप असं होतं: उठबशा 9. चालून परत यायला काठीसह साडेतेरा सेकंद. मूठ 14 किलो. वजन साडेएकोणपन्नास. उभं राहिल्यावर रक्तदाबाची घसरण 10. रक्तदाबाचा सोडला तर एकही आकडा "नॉर्मल"च्या रकान्यात पूर्णपणे बसत नाही, हे मी लपवत नाही. पण कमोडची खुर्ची माळ्यावर गेली होती, मंदिरातला हरिपाठ सुरू होता, आणि डायपरचा विषय घरात कुणी काढत नव्हतं.

ऐन चैत्री एकादशीच्या गर्दीत जायला मी परवानगी दिली नाही. यावरून आजी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. गर्दी ओसरल्यावर गेल्या. मी स्टँडवर सोडायला गेले होते. काठी आधी आत टेकवली, डाव्या हातानं दांडा धरला, डावा पाय वर, आणि तिथं क्षणभर थांबल्या. मुलाचा हात पुढे आला. सूनबाईंनी तो मागे ओढला. मग उजवा पाय वर गेला. पदस्पर्श दर्शनाच्या रांगेत उभं न राहता मुखदर्शन घेतलं. नामदेव पायरीपाशी वाकून डोकं टेकवलं आणि गुडघा टेकून उठल्या, हे मला सूनबाईंनी रात्री फोनवर सांगितलं, दोनदा सांगितलं.

जूनपासून मी आठवड्याला एकच भेट ठेवली. बाकीचे दोन दिवस नातू वहीत आकडे लिहितो. जुलैच्या पावसात आजींना ताप आला आणि आठ दिवस त्या झोपून होत्या. ताप उतरल्यावर मोजलं तर नऊच्या सहा झाल्या होत्या. कपाटातली एक गोधडी परत खुर्चीवर आली. त्या तीन उठबशा परत मिळवायला पाच आठवडे लागले.